घड्याळाऐवजी पट्टी

विकर म्हणजेच एन्झाइम शिकवताना आपण फळ्यावर एक साखळी लिहितो. विकर आणि अभिकारक यांचे आधी एक संयुग बनते. मग ते मोडून नवा पदार्थ तयार होतो व विकर मोकळे होते. १९१३ साली मायकेलिस आणि मेंटेन यांनी याच कल्पनेवर आपले प्रसिद्ध समीकरण उभारले. समीकरण प्रयोगांशी जुळत होते. पण ते मधले संयुग खरोखर असते, की ती केवळ हिशेबाची सोय होती ? परीक्षानळीत द्रावणे ओतून, ढवळून घड्याळाकडे पाहीपर्यंत ही पायरी केव्हाच उरकलेली असे.

घड्याळ अपुरे पडले तेथे पट्टी कामी आली. १९२३ मध्ये केंब्रिजच्या हार्ट्रिज आणि रफ्टन यांनी हिमोग्लोबिनच्या अभ्यासासाठी एक युक्ती योजली. दोन द्रावणे दाबाखाली एका छोट्या कप्प्यात मिसळायची आणि मिश्रण काचेच्या नळीतून वेगाने सोडायचे. समजा, हा वेग सेकंदाला १० मीटर आहे. मग कप्प्यापासून १ सेंटिमीटरवर दिसणारे मिश्रण नेहमीच एक सहस्रांश सेकंद वयाचे असणार. निरीक्षकाने तेथे निवांत पाहत बसावे ! काळाचे मोजमाप असे अंतराच्या मोजमापात बदलले. अडचण एकच : द्रावणे लिटरच्या हिशेबाने लागत. रक्तातले हिमोग्लोबिन तेवढे मिळे. शुद्ध विकर कोठून आणायचे?

अमेरिकेत ब्रिटन चान्स यांनी नळी बारीक केली, आणि प्रवाह एकदम थांबवून पुढचे बदल प्रकाशाच्या साहाय्याने नोंदवण्याची पद्धत विकसित केली. १९४३ साली त्यांनी पेरॉक्सिडेज या विकराचे मधले संयुग तयार होताना आणि मोडताना दाखवले. तीस वर्षे कागदावर असलेली पायरी खरी ठरली.

नळी केसाएवढी बारीक केली तर ? तेथे पाणी खळाळत नाही; दोन प्रवाह शेजारी-शेजारी शांतपणे वाहतात आणि केवळ विसरणाने मिसळतात. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लहान रेणूला पाण्यात १ मिलिमीटर पसरायला सुमारे आठ मिनिटे लागतात. अंतर हजारपट कमी केले, की वेळ दहा लाखपट घटून सहस्रांश सेकंदाच्या निम्म्यावर येतो. १९९८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दोन्ही बाजूंच्या प्रवाहांनी मधली धार दाबून अतिशय पातळ केली आणि १० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी वेळात मिश्रण साधले. २००३ मध्ये शिकागोतील साँग व इस्मागिलोव्ह यांनी तेलातून वाहणारे द्रावणाचे थेंब नागमोडी वाटेने नेले. वळणावळणावर थेंब आतून ढवळला जाई. रायबोन्यूक्लिएज या विकराचा वेग त्यांनी एका थेंबाहूनही कमी द्रावणात मोजला.

लिटरची जागा थेंबाने घेतली, तरी थेंबाचे वय मात्र त्याने कापलेल्या अंतरावरूनच काढले जाते. वेग, अंतर आणि काळ यांचे सातवीतले गणित येथे विकराचे गुपित उलगडते, हे आपण वर्गात आवर्जून सांगायला हवे.