आधीं पैसा कीं आधीं नांव?

नागपुरच्या इतवारींत हुंडीचा व्यवहार चाले त्या काळीं मूळ हुंडी वाटेंत गहाळ झाली, तर तिच्याऐवजीं ‘पेठ’ लिहून देत. पेठही हरवली, तर ‘परपेठ’. कागद तीन झाले तरी पैसा एकदांच द्यावयाचा, हें उभय पेढ्यांस ठाऊक असे. श्रोतेहो, आज मी सांगणार आहें ती हकीकत संगणकाची आहे. परंतु तिच्या मुळाशीं हीच अडचण आहे. आंतरजालावर आपल्या दुकानाचें नांव कोणी नोंदवूं लागला, तर त्याचा पैसा पोंचला हें नोंदणी करणारानें ओळखावें कसें?

आरंभीं हा प्रश्नच नव्हता. १९८५ सालीं पहिलें ‘डॉट कॉम’ नांव नोंदलें गेलें तेव्हां नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५ पासून अमेरिकेंतील नेटवर्क सोल्युशन्स कंपनी दोन वर्षांचे १०० डॉलर घेऊं लागली. पण नांव आधीं आणि बिल मागाहून, अशी तिची रीत. लोकांनीं नांवें अडवून ठेवलीं व बिलें तशींच राहूं दिलीं! १९९८ सालीं निघालेल्या आयकॅन संस्थेनें पुढील वर्षीं नोंदणी करणारांशीं जो करार केला, त्यांत अट घातली, कीं शुल्काची रास्त हमी मिळाल्यावांचून नांव चालू करूं नये.

या ‘हमी’ शब्दापाठीं एक लहानसा धंदा उभा राहिला. १९९८ सालींच मुंबईस डायरेक्टी कंपनी निघाली. तिच्या रिसेलरक्लब शाखेनें किरकोळ विक्रेत्यांस नांवें विकण्याचें तयार दालन दिलें. विक्रेत्यानें आगाऊ ठेव ठेवावयाची. प्रत्येक नांवागणिक ती कमी होई. परंतु गिऱ्हाइकाकडून रुपये वसूल करणारी यंत्रणा निराळ्या घरची. या दोन घरांमधील निरोप्या म्हणजे ‘स्क्रिप्ट’, चारदोन पानांची आज्ञावली. आणि ती लिहून विकणारेही निघाले. परदेशची तयार आज्ञावली येथें पुरत नसे. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानें अशा कार्डव्यवहारास आणखी एक परवलीचा शब्द लागूं लागला; गिऱ्हाइकास बँकेच्या पानावर जाऊन परत यावें लागे.

सारी जोखीम त्या परतीच्या वाटेवर. ‘पैसे मिळाले’ एवढें वाक्य निरोप्यानें खरें मानलें, तर तें कोणीही लबाड लिहून धाडील आणि विक्रेत्याची ठेव रिकामी होईल. म्हणून निरोपांत मागणीचा क्रमांक, रक्कम आणि गुप्त किल्लीवरून काढलेला पडताळ्याचा आंकडा असे. रक्कम ताडली नाहीं, तर १ रुपया भरूनही नांव पदरांत पडे. आणि आज्ञावली विकणारानें त्या किल्लीची प्रत स्वतःजवळ ठेवली असली, तर? घेणारे ओळी मोजीत. हा प्रश्न फार थोडे विचारीत असावेत.

उलट, निरोप वाटेंत हरवला तर गिऱ्हाइकाचा पैसा गेला आणि नांव दुसऱ्यानें नेलें. नागपुरी धोतरजोडी संपली तर दुसरी विणतां येते. नोंदलें गेलेलें नांव दुसरें विणतां येत नाहीं. यास्तव यंत्रणा तोच निरोप पुन्हां धाडते, आणि ही नवी हुंडी नव्हे, पेठ आहे, हें निरोप्यास ओळखावें लागतें.

२००५ च्या आरंभीं ‘डॉट इन’ सर्वांस खुलें झालें. ऑगस्ट २०१४ मध्यें देवनागरी ‘डॉट भारत’ आलें. त्याच वर्षीं रिसेलरक्लब अमेरिकन कंपनीकडे गेली. २०१६ सालीं यूपीआय आलें, तेव्हां कार्डाचा आंकडा सांगण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र प्रत्येक व्यवहारास निराळा क्रमांक त्यांतही आहे, आणि निरोप दोनदां आला तर प्रथम तोच पाहावा लागतो.