कान्हेरीचं पाणी

शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हा दरवर्षी मुलांना घेऊन कान्हेरीचा डोंगर चढायचो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-एक किलोमीटर. आम्ही सकाळी लवकर निघून चालतच जायचो. एका वर्षी काही कारणानं सहल मार्चअखेरीला गेली. ऊन तापलेलं, पानगळ झालेली, आणि पायथ्याशी पोचेपर्यंत मुलांच्या बाटल्या रिकाम्या. मी मोठ्या चैत्यगृहाच्या खांबांविषयी बोलायला लागलो, तर मागून एका मुलानं विचारलं, "सर, ते भिक्षू पाणी कुठून आणायचे?"

खरं सांगतो, मला नीट उत्तर देता आलं नाही. तोवर मी कान्हेरीत शिल्पं पाहत होतो, राजांची नावं शोधत होतो. पाण्याकडे लक्ष दिलंच नव्हतं. त्यानंतर मात्र जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा आधी टाकी पाहिली.

या डोंगरात शंभरावर लेणी आहेत, आणि बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे. पावसाळ्यात इथं धो धो पाऊस, आणि पुढचे आठ महिने थेंब नाही. डोंगर काळ्या कातळाचा, उताराचा. पडलेलं पाणी घटकाभरात ओढ्यातून खाली जाणार. म्हणून वर कातळात बोटभर-वीतभर रुंदीच्या पन्हळी खोदल्या. त्या पन्हळींतून पाणी टाक्यात येतं. टाक्याचं तोंड लहान, पोट मोठं. त्यामुळे ऊन कमी लागतं आणि पाणी आटत नाही. वरच्या पायऱ्यांच्या बाजूनं चालताना खाली नजर ठेवलीत, तर या पन्हळी आजही दिसतात. माणसं त्यांवर पाय देऊन पुढे जातात, बिचाऱ्यांना पत्ताही नसतो.

या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटलंय. गुहेला 'लेण'. गंमत पाहा, लेणं हा शब्द आपण दोन हजार वर्षं जपला, आणि पोढी मात्र विसरलो! कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनारानं इथं पाण्याची पोढी दिली, असा लेख आहे. चेमूलच्या, म्हणजे आपल्या चौलच्या, एका माणसानंही दिली. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची भरभराटीची बंदरं. तिथला सोनार दुकानात बसून आपल्या कमाईतून डोंगरावरच्या अनोळखी माणसाच्या तहानेची सोय करतो. सगळ्यांनाच लेणं खोदवणं परवडत नसणार. टाकं परवडत असेल.

पण कान्हेरीतला इतिहासाच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा लेख कुठं आहे, ठाऊक आहे? चैत्यगृहात नाही. तो आहे पाचव्या लेण्याशी, एका पाण्याच्या टाक्यावर. भोवतालचे त्या काळचे लेख प्राकृतात, आणि हा संस्कृतात. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा विश्वासू अमात्य शतेरक यानं हे 'पानीयभाजन', म्हणजे पाण्याचं भांडं, दान दिलं, असं तो सांगतो. राणी कोण? कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रप 'रु...' याची मुलगी. पुढची अक्षरं दगडाबरोबर गेली आहेत. अभ्यासक तो रुद्रदामन मानतात.

हे वाचून मी चपापलो होतो. सातवाहन आणि क्षत्रप म्हणजे हाडवैरी, असंच आम्ही वर्गात शिकवत होतो. आणि इथं वैऱ्याची मुलगी सातवाहनांची सून! मग जुनागढचा रुद्रदामनाचा लेख आठवला. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याचा नाश केला नाही, असं रुद्रदामन त्यात म्हणतो. तो लेखही मुळात पाण्याचाच आहे. इसवी सन १५०च्या सुमारास पुरानं सुदर्शन तलावाचा बांध फुटला, तो सुविशाख नावाच्या अमात्यानं दुरुस्त करून घेतला, त्याची ती हकिकत. दोन घराण्यांतलं भांडण आणि सोयरीक, दोन्ही आपल्याला कळतात ती पाण्याच्या कामावरच्या लेखांतून. कान्हेरीच्या लेखात शतेरकाचं नाव शाबूत आहे. राणीचं नाव मात्र उरलेलं नाही.

लेणी ओस पडली, शतकं गेली. मग पुन्हा या डोंगरांकडे कुणी पाण्यासाठी पाहिलं ते एकोणिसाव्या शतकात. मुंबई बेट विहिरी-तलावांवर जगत होतं. १८५४च्या उन्हाळ्यात शहराचे पाण्यावाचून फार हाल झाले, आणि साष्टीच्या डोंगरांत धरण बांधायचं ठरलं. १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं. १८७९मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. हा तुळशी कान्हेरीच्या डोंगरापलीकडेच, जंगलात लपलेला आहे.

आता माझं म्हणणं ऐका. एवढ्या महानगराच्या पोटात १०४ चौरस किलोमीटरचं जंगल कसं टिकलं, याचं आपण नवल करतो. १९९६मध्ये त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळालं, पण जंगल त्याच्या किती तरी आधी वाचलं होतं, आणि ते काही बिबट्याच्या प्रेमानं नव्हे. तलावात स्वच्छ पाणी यायला हवं, तर वरच्या पाणलोटात वस्ती वाढता कामा नये, झाडं तुटता कामा नयेत, हा साधा हिशेब होता. बिबटे, चितळ, फुलपाखरं त्या हिशेबात आपोआप सांभाळली गेली. आज भातसा, वैतरणा इथून येणाऱ्या पाण्यापुढे विहार-तुळशीचा वाटा किरकोळ झालाय. म्हणजे जंगल राखण्यामागचं ते जुनं, रोखठोक कारण आता दुबळं झालं आहे. मला काळजी वाटते ती याची. भोवतालच्या इमारती उद्यानाच्या कुंपणाला येऊन भिडल्या आहेत, त्या बोरिवली बाजूनं वर चढून गेलं की लख्ख दिसतात.

गेल्या हिवाळ्यात नातीबरोबर पुन्हा गेलो. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे पाचव्या लेण्यापाशी जरा टेकलो. वरच्या अंगाच्या एका टाक्यात पाणी होतं, आणि त्यावर तीन प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. नातीनं एक वाळकी फांदी शोधून आणली. दोन बाटल्या काठाशी आल्या. तिसरी आत, अंधाराकडे सरकत गेली, तिच्यापर्यंत फांदी पुरली नाही.