आठ डॉलर, वीस डॉलर आणि यादीत नसलेला देश

लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आज गोष्ट पैशांची आहे. पैसे नसण्याची नाही बरं का. पैसे खात्यात असून देता न येण्याची.

मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. स्वतःची वेबसाइट काढायचं भूत डोक्यात शिरलं होतं, आणि त्यासाठी एक डोमेन घ्यायचं होतं. किंमत बारा डॉलर. स्कॉलरशिपच्या खात्यात पैसे होते, डेबिट कार्ड होतं, नंबर बरोबर टाकला होता. तरी डिक्लाइन. तीनदा केलं, तीनदा डिक्लाइन. बँकेत गेलो तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "हे कार्ड देशातल्या देशात चालतं." शेवटी एका सिनियरकडे क्रेडिट कार्ड होतं, त्याने पैसे भरले आणि मी त्याला मेसमध्ये रोख रक्कम मोजून दिली. दिवाळीत घरी हे रडगाणं गायलो, तर मोठे काका हसायलाच लागले. म्हणाले, "अरे, मी १९७१ साली अमेरिकेला गेलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते. तेवढेच मिळायचे."

आठ डॉलर! मला वाटलं काका नेहमीसारखं मीठमसाला लावून सांगताहेत. पण हे खरं आहे. त्या काळात परदेशी गेलेल्या कुठल्याही आजी-आजोबांना विचारा, हा आठचा आकडा त्यांना पाठ असतो.

हे आलं कुठून? तर ३ सप्टेंबर १९३९. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने भारतातल्या परकीय चलनावर नियंत्रण आणलं. युद्धापुरतं म्हणून आणलेलं हे नियंत्रण युद्ध संपल्यावर गेलंच नाही. १९४७ मध्ये त्याचाच रीतसर कायदा झाला. तोच फेरा. (आपल्याकडे नावं पण काय जुळून येतात! लोकांना खरंच फेऱ्या माराव्या लागल्या.) मग दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कारखान्यांसाठी यंत्रं आयात करायला सुरुवात झाली आणि परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली. डॉलर म्हणजे दुष्काळातलं पाणी. कोणाला किती द्यायचं ते सरकार ठरवणार. १९७३ मध्ये फेराचा नवा अवतार आला आणि तो आणखी कडक होता. परकीय चलनाचा नियम मोडणं हा फौजदारी गुन्हा, तुरुंगात जाण्याइतका.

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. आपला रुपया कायमच असा घरकोंबडा नव्हता. १९५० च्या दशकात कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथे बाजारात चक्क भारतीय रुपया चालायचा. पण मुंबईच्या किनाऱ्यावर सोनं चोरून यायचं, त्याचे रुपये आखातात जायचे आणि तिथल्या बँका ते रुपये परत पाठवून आपल्याकडे पौंड मागायच्या. म्हणजे तस्करीचं बिल रिझर्व्ह बँकेने भरायचं! म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाच छापल्या. पुढे १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार काढला. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला, आणि उरलेल्यांनीही हळूहळू रुपयाला रामराम ठोकला.

बरं, मोठमोठ्या कंपन्या परवाने काढून आयात करायच्या. पण ज्याला परदेशातून एक पुस्तक हवंय त्याने काय करायचं? हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो माझाच बारा डॉलरचा प्रश्न आहे.

त्याची पहिली युक्ती पोस्टाने काढली होती. १९०६ मध्ये रोममध्ये जागतिक टपाल संघटनेची परिषद भरली आणि तिथे 'आंतरराष्ट्रीय उत्तर कुपन' ठरलं. तुम्ही ते आपल्या पोस्टात आपल्या पैशांत घ्यायचं, पत्रात घालून पाठवायचं, समोरच्याने ते त्याच्या पोस्टात देऊन उत्तरापुरती तिकिटं घ्यायची. चलन बदलायचं झंझटच नाही. आता जिथे दोन देशांत भावाचा फरक, तिथे कोणीतरी हुशार माणूस येणारच. १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने लोकांना सांगितलं की इटलीत स्वस्तात कुपनं घेतो, अमेरिकेत वटवतो, तुम्हाला ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो. प्रत्यक्षात तो नव्या लोकांचे पैसे जुन्यांना देत होता. आज आपण ज्याला 'पाँझी स्कीम' म्हणतो तिची सुरुवात पैसे परदेशी पाठवायच्या एका साध्या कुपनातून झाली, हे मला ह्या भागाची तयारी करताना कळलं.

दुसरी युक्ती युनेस्कोची, १९४८ ची, आणि ती मला फार आवडते. युद्धानंतर अर्ध्या जगाकडे डॉलर नव्हते. तर युनेस्कोने डॉलरमध्ये किंमत छापलेली पुस्तक-कुपनं काढली. भारतातल्या वाचकाने रुपये देऊन कुपन घ्यायचं, ते परदेशी पुस्तकविक्रेत्याला पाठवायचं, आणि विक्रेत्याने ते युनेस्कोकडे देऊन स्वतःच्या चलनात पैसे घ्यायचे. आपण आज गिफ्ट कार्ड म्हणतो ना, त्याचंच हे आजोबा.

१९९१ ची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि जुलैमध्ये मुंबईहून जवळपास ४७ टन सोनं गहाण ठेवायला विमानाने बाहेर गेलं. त्यानंतर दारं उघडायला लागली. ऑगस्ट १९९४ मध्ये व्यापार, प्रवास, शिक्षण अशा चालू खात्यावरच्या व्यवहारांसाठी रुपया परिवर्तनीय झाला. १ जून २००० पासून फेरा जाऊन फेमा आला, म्हणजे गुन्ह्याच्या जागी दंड. फेब्रुवारी २००४ मध्ये सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली. आठवरून पंचवीस हजार!

मग २०१६ च्या सुमाराला माझे बारा डॉलर का अडकले?

कारण आता अडवणारा एकटा सरकारी साहेब राहिला नव्हता. कार्डावरचे पहिले सहा आकडे (आता आठ) सांगतात की हे कार्ड कोणत्या बँकेचं आणि कोणत्या देशाचं आहे. तुम्ही 'पे' दाबलं की ते आकडे पाहून दुकानदाराची यंत्रणा ठरवते, मग कार्डाचं नेटवर्क ठरवतं, मग तुमची बँक ठरवते. कोणीही नको म्हणू शकतो. आणि उत्तर काय येतं? ५७ किंवा ०५ असा एक कोड. ०५ चा अर्थ फक्त 'मान्य करू नका'. कारण नाही, अपील नाही. फेराच्या काळात निदान नकाराचं पत्र तरी यायचं!

त्यात आपले नियम वेगळे. १ ऑगस्ट २००९ पासून देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने दुसरी खातरजमा सक्तीची केली. आपला ओटीपी ह्याच वाटेने आला. बऱ्याच परदेशी वेबसाइट ओटीपी विचारायच्या नाहीत, म्हणून कित्येक बँका ते दारच बंद ठेवायच्या. पैसे घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. २०११ मध्ये परदेशी क्लायंटसाठी कोड लिहिणाऱ्या फ्रीलान्सरना पेपालने कळवलं की एका व्यवहारात ५०० डॉलरपेक्षा जास्त घेता येणार नाहीत आणि आलेले पैसे सात दिवसांत बँकेत काढावे लागतील. ती मर्यादा त्याच वर्षी ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे नव्या नियमामुळे अडकले, आणि माझ्यासकट निम्म्या ऑफिसची सबस्क्रिप्शनं एका आठवड्यात बंद पडली. ओटीपीमुळे माझ्या आईचे पैसे एकदा वाचलेत, त्यामुळे मी ह्या नियमांना सरसकट नावं ठेवणार नाही. पण किंमत कोण मोजतं, तर बारा डॉलरवाला.

आणि आपण तरी यादीत आहोत. इराणचं बघा. २०१२ मध्ये तिथल्या बँका स्विफ्टमधून बाहेर काढल्या, २०१६ मध्ये काही आत आल्या, २०१८ मध्ये पुन्हा बाहेर. २०१९ मध्ये तिथल्या डेव्हलपरांची गिटहबवरची खाजगी रिपॉझिटरी बंद झाली आणि ती पूर्ववत व्हायला जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन सरकारचा खास परवाना लागला. कोड लिहायलाही परवाना! मार्च २०२२ मध्ये रशियातली व्हिसा, मास्टरकार्ड एका आठवड्यात देशाबाहेर निरुपयोगी झाली. नायजेरियात तर निर्बंध वगैरे काही नव्हते, फक्त डॉलर आटले होते. त्याच वर्षी तिथल्या मोठमोठ्या बँकांनी नायरा कार्डावर परदेशी खर्चाची मर्यादा महिन्याला २० डॉलर केली, आणि पुढे अनेकांनी ती सोयच थांबवली. काकांच्या आठ डॉलरची आठवण झाली की नाही?

२०२३ मध्ये आमच्या एका छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये लागोसच्या एका मुलाने एक फार चिवट बग सोडवला. आम्ही त्यासाठी ५० डॉलर ठेवले होते. पाठवायला गेलो, तर तिथल्या पेपालवर तेव्हा पैसे पाठवता यायचे, घेता यायचे नाहीत. तो म्हणाला, राहू द्या, माझ्या सर्व्हरचं बिल थकलंय, कार्ड चालत नाही, ते भराल का?

त्याने लिंक पाठवली. मी इकडे पुण्यात रात्री अकरा वाजता नंबर टाकला. डिक्लाइन. मग आठवलं, नवीन कार्ड आलं तेव्हापासून परदेशी व्यवहारांचं बटण बंदच होतं. ॲपमध्ये जाऊन ते चालू केलं, परत भरलं, आणि त्याचा सर्व्हर सुरू झाला.