न हलणारी होडी

आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीच्या जिममध्ये कोपऱ्यात एक लांबुडकं यंत्र पडून असतं. ट्रेडमिलसाठी रांग लागते, पण ह्याच्यावर लोक टॉवेल वाळत घालतात. मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी धावणं बंद केलं. गेली सहा वर्षं पहाटेचं धावणं एवढीच काय ती माझी हापिसाबाहेरची ओळख होती, त्यामुळे जरा खचलोच. शेवटी नाइलाजाने टॉवेल बाजूला करून त्यावर बसलो आणि पाच मिनिटांत जीव मेटाकुटीला आला. बसून करायचा व्यायाम म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, हा समज तिथेच गळून पडला.

मग काय, शनिवारी सवयीप्रमाणे खोदकाम सुरू. हे रोइंग मशीन आलं कुठून?

गोष्ट बरीच जुनी आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या खाब्रियास नावाच्या सेनापतीने नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावर लाकडी सांगाड्यांवर बसवून शिकवलं, असं जुने ग्रंथ सांगतात. 1865 मध्ये स्टॉकहोमला गुस्ताव झांडर नावाच्या डॉक्टरने यंत्रांनी व्यायाम करवून घेणारी संस्थाच काढली. आजच्या जिमचे हे पणजोबा. 1912 च्या टायटॅनिकवरही व्यायामशाळा होती आणि तिच्यात विजेच्या उंटाशेजारी एक रोइंग मशीन होतं. चहूकडे समुद्र असताना आत बसून वल्हवायचं!

आपल्या कोपऱ्यातल्या यंत्राचा खरा जन्म मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला. ड्रायसिगेकर बंधू 1976 पासून वल्ही बनवत होते. थंडीत तिथलं पाणी गोठतं, मग सराव कुठे करायचा? त्यांनी एक सायकल जमिनीला ठोकून बसवली आणि तिच्या साखळीचं मोकळं टोक ओढून पाहिलं. 1981 मध्ये त्यातूनच सायकलचं चाक लावलेलं पहिलं मॉडेल बाजारात आलं.

आता थोडी इंजिनिअरगिरी. चाकाला पाती असतात, ती हवा कापतात. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, कारण हिशोब घनाचा आहे. 500 मीटर अडीच मिनिटांत काढायला सुमारे 104 वॅट लागतात, तर दोन मिनिटांत काढायला सुमारे 203. म्हणजे वेळ फक्त वीस टक्क्यांनी कमी केला की मेहनत जवळजवळ दुप्पट! प्रत्येक ओढीनंतर चाक किती मंदावतं हे मोजून यंत्र हवेचा अडथळा स्वतःच काढतं, त्यामुळे बाजूची दांडी 10 वर नेऊन शायनिंग मारता येत नाही. पाय, पाठ, हात सगळे कामाला लागतात (सर्वात जास्त पाय), पण पाऊल कुठेच आदळत नाही. गुडघा त्यामुळेच खूश.

आणि ह्या गोष्टीत पुणंही आहे बरं का. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. गाव दुष्काळी, वडील विहिरी खोदायचे. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आला. त्याची उंची पाहून त्याला रोइंगला घातलं. सुरुवातीला गड्याला पाण्याचीच भीती वाटायची! पुण्यातल्या आर्मी रोइंग नोडमध्ये तो तयार झाला. चार वर्षांनी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, तो भारताचा एकमेव रोइंगपटू होता. तिथे तो तेरावा आला. 2018 च्या एशियाडमध्ये एकेरीच्या अंतिम फेरीत तब्येतीने दगा दिला आणि तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या होडीत बसून त्याने सुवर्णपदक जिंकलं.

हे वाचलं आणि माझ्या गुडघ्याचं रडगाणं एकदम फुसकं वाटायला लागलं. ज्याच्या गावात पाण्याची मारामार, तो पाण्यावर ऑलिंपिक गाठतो. आणि मी? मुठेपासून चालत दहा मिनिटांवर राहतो, पण तिच्यात होडी घालायचा विचार आजवर मनात आला नाही. खरं सांगायचं तर आजची मुठा पाहून येणारही नाही. नदी शेजारी असून वल्हवायला मात्र जिमच्या कोपऱ्यात जायचं, हे टायटॅनिकपेक्षा काही वेगळं नाही.

असो. सध्या 500 मीटरला 2 मिनिटं 41 सेकंद लागतात. होडी जागची हलत नाही, आकडा मात्र हलतोय. आणि एक बदल झालाय: टॉवेल आता ट्रेडमिलवर असतात. :)