थिबाचे चिरे

देवरूखच्या घरी पडवीत कंदील लागला, की आजी रत्नागिरीच्या राजाची गोष्ट काढायची. तिचे वडील बैलगाडीने तांदूळ घेऊन रत्नागिरीला जायचे. खाडीच्या अंगाला उंचावर राजवाडा उठत होता, तो त्यांनी पाहिला होता. ‘‘चिरा खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ लागतो गो, वारा खाल्ला की दगड,’’ हे त्यांचं बोलणं आजी जसंच्या तसं सांगायची.

राजा म्हणजे ब्रह्मदेशाचा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला राणी सुपयालतसह रत्नागिरीत आणून ठेवलं. जांभ्याचा, सागवानाचा हा वाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं. चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढल्यावर राजाला वाडा मिळाला, पण राज्य नाही. सहा वर्षांत, डिसेंबर १९१६ मध्ये, तो गेला. १९१९ साली राणी रंगूनला परतली.

आजीच्या गोष्टीत राजा सज्जात उभा राहून दुर्बिणीतून बोटी न्याहाळायचा. एखादी आपल्याला न्यायला येईल म्हणून. आणि एक माणिक असायचं, साहेबाने बघायला घेतलेलं नि परत न दिलेलं. ते मी परीकथेतलं समजत होते. मोठेपणी वाचलं, की आपलं माणिक गेल्याची तक्रार राजाने खरंच सरकारकडे केली होती.

मला मात्र टूटूची गोष्ट सगळ्यांत जवळची. थोरल्या राजकन्येची आणि वाड्यावर चाकरीला असलेल्या गोपाळ सावंतांची ही लेक. आजोबा मंडालेच्या गादीवर बसलेले, आणि नात रत्नागिरीत वाढली, इथेच लग्न होऊन नांदली, मराठी बोलत म्हातारी झाली. २००० साली ती वारली. तिची आठवण आली की मला त्या दुर्बिणीतला राजा फार एकटा वाटतो.

शेवटचा मुघल बादशहा रंगूनच्या मातीत आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीच्या! २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले, तेव्हा आजी नव्हती. तिला सांगायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येत होतं.

मागच्या पावसाळ्यात देवरूखहून एसटीने गेले. वाड्याजवळच्या एका गडग्याला हात टेकून उभी राहिले. चिरा गार होता, शेवाळलेला. त्याच्या एका भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.