सैतानाचे सलगीचे नाव

स्कॉटलंडमधील शेतकऱ्यांच्या बोलीत सैतानाला ‘ऑल्ड क्लूटी’ असे एक नाव आहे. ‘ऑल्ड’ म्हणजे म्हातारा; ‘क्लूट’ म्हणजे गाईच्या किंवा मेंढीच्या दुभंगलेल्या खुराचा एक भाग. शेवटचा ‘ई’ हा लाडिकपणाचा. आपण ‘दत्तात्रया’चा ‘दत्तू’ करतो, तसाच. ज्याच्या नावाने धर्मोपदेशकांनी श्रोत्यांचा थरकाप उडवावा, त्याला चुलीपाशी बसून लोकांनी ‘खुरवाले आजोबा’ म्हणावे, हे नवल खरे.

परंतु या सलगीच्या मुळाशी भीतीच असावी, असे मला वाटते. आपल्याकडेही जुनी माणसे रात्री सापाचे नाव घेत नसत, आणि अंगावर फोड उठविणाऱ्या प्राणघातक रोगास ‘देवी’ म्हणत. स्कॉटलंडात सैतानाला ‘गुडमन’, म्हणजे घरधनी, असेही म्हणत, आणि त्याच्यासाठी जमिनीचा एक तुकडा न नांगरता सोडीत. अ‍ॅबरडीनजवळच्या गीरी प्रांतातील व इतरत्र चालणाऱ्या या चालीविरुद्ध तेथील चर्चच्या महासभेने १५९४ साली तक्रार केली. तो काळ साधा नव्हे. चेटकाला देहान्त शासन देणारा १५६३ चा कायदा १७३६ पर्यंत रद्द झाला नव्हता. अशा दिवसांत आडनावाने बोलणे हे सैतानापासून जितके संरक्षण, तितकेच पाद्र्यापासूनही!

कायदा गेला, नाव राहिले. आणि ते रॉबर्ट बर्न्स या शेतकरीपुत्राच्या हाती पडले. १७८६ साली किल्मार्नक येथे छापलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात सैतानाला उद्देशून एक कविता आहे. तिच्या माथ्यावर मिल्टनच्या महाकाव्यातील भारदस्त ओळी, आणि खाली लगेच ‘क्लूटी’सारखी घरगुती नावे! मिल्टनचा तो सेनापती एकदम गावातला खोडकर म्हातारा होतो. कवितेच्या अखेरीस तर बर्न्स त्याला सुचवितो की, अजूनही तू सुधारशील. नरकाबद्दल इतकी कणव त्या कठोर पंथाच्या देशात कोणी छापून दाखविली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पुढे १७९२ च्या सुमारास त्याने आणखी एक गाणे रचले. त्यात सैतान फिडल वाजवीत येतो, अबकारी अधिकाऱ्याला उचलून नेतो, आणि सारा गाव आनंदाने नाचतो. बर्न्स स्वतः १७८९ पासून त्याच अबकारी खात्यात नोकर होता.