विक्षेपकार्य आणि भावनिक स्मृती

विक्षेपकार्य : भयप्रद अथवा शोकजनक प्रसंगाची आठवण मनात जागी असतानाच मनाला दुसऱ्या एखाद्या कामात गुंतवून तिची धार बोथट करण्याची मानसोपचारातील रीत. प्रसंगाचा विसर पाडणे हा तिचा उद्देश नव्हे. काय घडले व कोठे घडले याची हकिकत रुग्ण पूर्ववत सांगू शकावा, परंतु ध्यानीमनी नसताना डोळ्यांपुढे उभी राहणारी दृश्ये विरळ अथवा फिकी व्हावीत, एवढीच अपेक्षा असते.

उपपत्ती : ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांच्या १९७४ च्या मांडणीनुसार कार्यकारी स्मृतीची धारणशक्ती तुटपुंजी असून दृश्यांचे व शब्दांचे व्यवहार तिच्यात निरनिराळ्या शाखांकडे सोपविलेले असतात. नजरेचे काम दृश्यशाखेवर लादले की त्याच वेळी आठवलेल्या प्रतिमेच्या वाट्याला अपुरी शक्ती येते. कॅरिम नादर व सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले, की जुनी भयस्मृती पुन्हा जागी केल्यावर काही काळ अस्थिर असते आणि तिला नव्याने दृढ व्हावे लागते. मानवी स्मृतीला हा नियम कितपत लागू पडतो, याविषयी मतभेद आहेत.

प्रयोग : एमिली होम्स व सहकाऱ्यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ऑक्सफर्ड येथील प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. अपघात व मृत्यू यांची दृश्ये असलेला चित्रपट चाळीस जणांना दाखवून, अर्ध्या तासाने त्यांपैकी निम्म्यांना दहा मिनिटे टेट्रिस खेळावयास दिला आणि पुढील आठवडाभर नकळत उद्भवणाऱ्या दृश्यांची रोजनिशी सर्वांकडून लिहून घेतली; खेळणाऱ्यांच्या रोजनिशीत अशा नोंदी कमी भरल्या. आलेक्सेय पाजितनॉव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे रचलेल्या या खेळात वरून उतरणारी, चार-चार चौकोनांची आकृती खाली पोचण्यापूर्वी मनातल्या मनात फिरवून मोकळ्या खाचेत बसवावी लागते, आणि या खेळाची निवड झाली ती नेमकी या दृश्य श्रमासाठी. प्रश्नमंजूषेसारख्या शाब्दिक कामाने तोच लाभ होत नाही, असे २०१० च्या प्रयोगांत दिसले. पुढे २०१५ मध्ये, चोवीस तास लोटलेली स्मृतीही याच मार्गाने दुबळी होते, मात्र आधी तिचे स्मरण करून द्यावे लागते व त्यानंतर खेळ द्यावा लागतो, नुसते स्मरण किंवा नुसता खेळ पुरत नाही, असे आढळले.

रुग्णालयातील अनुभव : ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात वाहन-अपघातानंतर सहा तासांच्या आत दाखल झालेल्या ७१ रुग्णांवरील चाचणीत (२०१८) प्रसंगाचे स्मरण करून टेट्रिस खेळलेल्या गटात पहिल्या आठवड्यातील अनाहूत स्मृती, केवळ आपल्या हालचालींची लेखी नोंद ठेवणाऱ्या गटाच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी भरल्या. लोझान येथे तातडीच्या सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर ५६ मातांवर झालेल्या चाचणीचा (२०१७) कलही तोच होता.

नेत्रचालन : फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली, आठवण मनात धरून उपचारकाच्या हलत्या बोटामागे नजर फिरविण्याची पद्धती हीही कार्यकारी स्मृतीच्या याच उपपत्तीने उलगडली जाते; मात्र तीत नेत्रचालनाचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही.

मूल्यमापन : दुःखिताला ‘मन कशात तरी रमव’ असे सांगण्याचा आपल्याकडील परिपाठ आणि ही उपचाररीत एकच होत, हा समज मान्य करता येत नाही, कारण नियंत्रित प्रयोगांचा पुरावा निवडक दृश्यकार्यांपुरता व मुख्यतः अल्प मुदतीचा आहे.